पीळो के धोळो?

सुरतेत, डिंडोलीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी इलेक्ट्रिकचं एक दुकान आहे. आठ बाय दहाचं असेल. बल्ब मागितला की दुकानातले काका खोक्यांच्या थप्पीकडे हात नेतात आणि मागे न बघताच विचारतात, "पीळो के धोळो?" पिवळा की पांढरा. गुजरातीत बल्बला गोळो म्हणतात, म्हणून तो पीळो आणि धोळो. बहुतेक गिऱ्हाइकं "धोळो" म्हणतात, पैसे टेकवतात आणि जातात.

मला दहा मिनिटं लागतात. मी खोकं उलटंसुलटं करतो, बारीक अक्षरं वाचतो, दोन बल्ब काकांना पेटवून दाखवायला लावतो. बायको सोबत असली तर ती पायरीवर जाऊन उभी राहते. "अहो, बल्ब घ्यायचाय, स्थळ नाही बघायचंय," असं ती एकदा काकांसमोरच म्हणाली. काकांना मराठी चांगलं कळतं. ते अजून मला तेच ऐकवतात.

ती चुकीचं बोलत नव्हती. पण पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं शेड मॅचिंग केलं आहे, आणि ज्याला रोज दिवे बदलून कपडा बघायची सवय लागली त्याला "पीळो के धोळो" एवढ्यावर सोडून देता येत नाही.

मी १९९९ साली शिंदखेड्याहून गाडीत बसलो आणि उधन्याला उतरलो. लिंबायतला मेव्हण्यांकडे राहिलो. गावच्या घरात साठचा एकच बल्ब होता. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला भोक पाडून त्यात तो टांगलेला, म्हणजे एका बिलात दोन्हीकडे उजेड. तेव्हा दिव्याविषयी एवढंच ज्ञान होतं : चाळीसचा कमी, साठचा बरा, शंभरचा लग्नघरी.

मिलच्या लॅबमध्ये पहिल्या दिवशी मास्टरांनी मला एका पेटीसमोर उभं केलं. पत्र्याची, आतून राखाडी रंगाची, पुढून उघडी, वर बटणांची रांग. तिला लाइट बॉक्स म्हणतात. आत पार्टीने पाठवलेला हिरव्या जॉर्जेटचा तुकडा आणि आम्ही रंगवलेला तुकडा शेजारी शेजारी. पहिलं बटण दाबलं : डी-६५, म्हणजे ढगाळ दुपारच्या उजेडासारखा, ६५०० केल्व्हिनचा. दोन्ही तुकडे एक. दुसरं बटण, टीएल-८४, युरोपातल्या दुकानांत असायची तशी ट्यूब. तरीही एक. तिसरं बटण, ए, म्हणजे तारेचा जुना पिवळा बल्ब. आणि आमचा तुकडा डोळ्यांदेखत तपकिरी झाला. पार्टीचा हिरवाच राहिला.

मला वाटलं, पेटीत काहीतरी हातचलाखी आहे. मास्टर म्हणाले, दोघांचे रंग वेगवेगळ्या डायने बनलेत, दिवसा जुळतात, दिव्याखाली फुटतात. या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात हे पुढे कळलं. लॅबमध्ये आम्ही त्याला 'शेड पलटली' एवढंच म्हणायचो.

ती पलटी एकदा मला चांगलीच भोवली. रात्रपाळी होती. लाइट बॉक्समधल्या ट्यूब साधारण दोन हजार तासांनी बदलायच्या असतात. आमची डी-६५ कधीचीच थकलेली आणि त्या रात्री ती पेटेचना. जेट मशीन १३० डिग्रीवर शिजवून थांबलेलं, खालून ऑपरेटर फोनवर फोन करतोय. मी तुकडा नेऊन फिनिशिंग खात्यातल्या ट्यूबलाइटखाली धरला, ठीक वाटला, पास केला. चाळीस ताके बॉटल ग्रीन. चौथ्या दिवशी रिंग रोडच्या मार्केटमधून माल परत. त्या दुकानात काउंटरवर पिवळे दिवे होते आणि त्यांच्याखाली बॉटल ग्रीन मेंदीसारखा दिसत होता. मार्केटमध्ये आत आत गाळे असतात, भरदुपारी बाहेरचं ऊन पोचत नाही. साडी घेताना बायका पूर्वी दारात नेऊन उन्हात बघायच्या, ते उगीच नव्हतं.

तो सगळा लॉट शेवटी काळ्यात घातला. बिघडलेल्या लॉटला काळा रंग हाच आसरा असतो. सुरतेच्या काळ्या साड्यांत किती जणांच्या चुका झाकलेल्या आहेत ते मिलवाल्यांनाच ठाऊक.

आता घरातली गोष्ट. ती सांगायला थोडी लाज वाटते.

लिंबायत, डिंडोली, नवागाम या पट्ट्यात दुपारी कुठल्याही गल्लीत शिरलात तर उंबऱ्यात बायका साड्या पसरून बसलेल्या दिसतील. मार्केटमधून पोटलं येतं. कुणी फॉल लावतं, कुणी लेस शिवतं, कुणी लोंबणारे धागे कापतं, कुणी डायमंड लावतं. डायमंड म्हणजे काचेचे किंवा प्लॅस्टिकचे चमकीचे खडे. गमचा ठिपका टाकायचा आणि काडीने खडा उचलून त्यावर बसवायचा. साडीमागे पैसे. माझ्या बायकोने हे काम बारा-तेरा वर्षं केलं. दिवसा घरचं आवरून, म्हणजे प्रत्यक्षात रात्री.

एकदा पोटलं घेऊन जाणारा मुलगा बारा साड्या परत घेऊन आला. पांढऱ्या खड्यांच्या जागी हलक्या सोनेरी झाकेचे खडे लागले होते, काही ठिकाणी मिसळलेले. पैसे कापले गेले, वर खडे काढून पुन्हा लावून द्यायचे. ती काही बोलली नाही. रात्री जेवणं झाल्यावर नेहमीच्या जागी भिंतीला टेकून बसली आणि पहिल्यांदाच मी ती कुठे बसते ते बघितलं. डोक्यावर मागच्या बाजूला, आठ फुटांवर एक पिवळा बल्ब. तिच्याच डोक्याची सावली मांडीवरच्या साडीवर. त्या सावलीत पांढरा खडा आणि सोनेरी खडा मलाही ओळखू आला नसता, आणि मी दिवसभर त्याच गोष्टीचा पगार घेत होतो. समईखाली अंधार म्हणतात, तो आमच्या घरात रोज दहा वाजता पडत होता.

दुसऱ्या दिवशी मी मान वाकणारा टेबललॅम्प आणला. काकांकडे नव्हता, भागळला जाऊन आणला. त्यात काय घालायचं यावर मात्र विचार केला. पिवळा नाही, कारण त्याच्या उजेडात निळं कमी असतं. त्यामुळे नेव्ही ब्लू आणि काळा एक दिसतात, पांढरं आणि हलकं सोनेरी एक दिसतात. म्हणजे पांढरा हवा. पण कुठलाही पांढरा चालत नाही, त्याचं कारण पुढे सांगतो. वॅट फार लागले नाहीत, कारण दिवा जवळ आणला. अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो, हा हिशेब शाळेत शिकलेला असतो आणि घरात कुणी वापरत नाही. खोली अंधारी वाटली की आपण छताला आणखी मोठा दिवा लावतो. मी सात वॅटचा बल्ब साडीपासून दीड फुटावर आणला, डाव्या हाताला आणि जरा पुढे, कारण ती उजव्या हाताने काम करते. सावली उजवीकडे, कामाच्या बाहेर पडली. त्या रात्री ती साडेदहालाच उठली. काम संपलं होतं.

"एवढी वर्षं कुठं होता हा दिवा?" असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता पांढऱ्याचं. केंद्र सरकारची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाली आणि एलईडी बल्ब स्वस्त झाले. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घराने चार-चार, पाच-पाच आणले. आमच्याकडे आलेले पांढरेफटक होते. बिल कमी झालं यात वाद नाही. साठचा बल्ब रोज पाच तास जाळला तर महिन्याला नऊ युनिट, नऊ वॅटचा एलईडी जाळला तर दीड युनिटसुद्धा होत नाही आणि उजेड उलट जास्तच. त्यासाठी खोक्यावर वॅट न बघता ल्युमेन बघायचे. जुना साठचा सातशेच्या आसपास ल्युमेन द्यायचा, चांगला नऊ वॅटचा एलईडी नऊशेच्या आसपास देतो.

पण आठवड्याभरात मला काहीतरी खटकायला लागलं. सकाळी आरशासमोर हिने कुंकू लावलं आणि ते मला विटकरी दिसलं. डबी तीच. उंबऱ्यात आली तर लालभडक. आत गेली की परत विटकरी. मला लगेच लाइट बॉक्स आठवला. पांढरा एलईडी मुळात पांढरा नसतोच. आत निळा दिवा असतो आणि त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा लेप. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. या निळ्या दिव्यासाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वस्तातल्या बल्बात या जोडगोळीत गडद लाल फार थोडा उरतो. मग कुंकू, टोमॅटो, राणी रंगाचं पातळ, माणसाच्या गालावरची लाली, सगळं आजारी दिसतं.

खोक्यावर सीआरआय असा एक आकडा असतो. रंग कितपत खरे दिसतील त्याचा तो मार्क. साध्या बल्बाला ८० असतात, आणि हे ८० मार्क फिकट रंगांच्या पेपरात मिळालेले असतात. गडद लालचा पेपर वेगळा, त्यात बरेच बल्ब नापास होतात. आरशापाशी आणि हिच्या कामाच्या दिव्यात मी ९० च्या वरचा घातला. थोडा महाग पडतो आणि काकांना मागवून घ्यावा लागतो. "कुंकवाचा बल्ब आलाय तुमचा," असं ते ओरडून सांगतात.

याच काळात घरात आणखी एक भांडण झालं. ट्यूबलाइट काढून एलईडीची पट्टी लावली आणि माझे पांढरे शर्ट पिवळट पडले. हिने साबण बदलला, नीळ वाढवली. साबणाचा दोष नव्हता. पांढऱ्या कपड्यात आणि धुण्याच्या पावडरीत जो चमकीचा रंग असतो तो अतिनील किरण खाऊन निळसर उजेड बाहेर टाकतो. जुन्या ट्यूबमधून थोडे अतिनील किरण यायचे, एलईडीतून येत नाहीत. आमच्या मजल्यावर एक सौराष्ट्रातले भाई राहतात, महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात बसतात. मी त्यांना हे सांगितलं तर ते हसले. म्हणाले, आमच्याकडे याच्यावर पैसे जातात. काही हिरे अतिनील किरणांत निळे चमकतात, त्यामुळे ट्यूबखाली त्यांचा पिवळेपणा झाकला जातो आणि एलईडीखाली उघडा पडतो. तेव्हापासून आम्ही दोघं जिन्यात भेटलो की दिव्यांवरच बोलतो. बायकांनी आमचा नाद सोडला आहे.

मग गावाहून आई आली. वडील गेल्यानंतर. चौऱ्याहत्तर वय, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला. पहिल्याच संध्याकाळी छताचा दिवा लावला तर पदर डोळ्यांवर घेऊन म्हणाली, "इतला उजेड कसाले? मना डोया दुखतस." मी दिवा बंद केला. अर्ध्या तासाने पोथी उघडून बसली आणि म्हणाली, दिसत नाही. दिवा लावला, पुन्हा पदर. दोन दिवस मी वैतागलो. हिला उजेड हवा की नको?

हवाच होता. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला अक्षरावर जास्त उजेड लागतो. पण भिंग गढूळ झालेलं असतं, तेव्हा उघडा दिवा नजरेत आला की धुक्यात गाडीचा हेडलाइट पडावा तसं सगळं पांढरं होतं. म्हणजे पोथीवर जास्त हवा आणि डोळ्यात मुळीच नको. छताच्या उघड्या बल्बाने बरोबर उलटं होत होतं.

तिच्या खाटेशी मी शेड असलेला दिवा ठेवला. शेडची कड तिच्या डोळ्यांच्या पातळीच्या खाली राहील इतका बुटका, आतून पांढरा, नऊ वॅट, २७०० केल्व्हिन. इथे मात्र पीळो. रात्री मंद उजेडात पांढरा दिवा घराला दवाखान्याची कळा आणतो असं माझं मत आहे. फिलिप्समधल्या क्रुइथॉफ नावाच्या माणसाने १९४१ मध्ये याच अर्थाचा आलेख काढला होता : उजेड कमी असेल तर माणसाला पिवळाच बरा वाटतो, पांढरा बरा वाटायला उजेड भरपूर लागतो. पुढच्या काही अभ्यासकांना त्याचा आलेख पटला नाही. आईला पटला.

त्या शेडमध्ये पहिल्यांदा मी गाढवपणा केला होता तोही सांगून टाकतो. दिसायला छान म्हणून सगळीकडून बंद असा काचेचा गोळा आणला. बल्ब चार महिन्यांत गेला. जुन्या तारेच्या बल्बाची उष्णता किरणांवाटे बाहेर पडायची. एलईडीची उष्णता मागे बुडाकडे जाते आणि तिथेच त्याचं इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं. त्याला हवा लागते. बंद गोळ्यात ते उकडून मरतं. आता शेड वरून-खालून उघडी असेल तरच घेतो. होल्डर पिनचा आहे की आट्याचा हे घरून बघून जातो. यावरून मी तीनदा परत फेरी मारली आहे.

शेजारच्या काकू एकदा घाबरून आल्या, बटण बंद केलं तरी बल्ब मिणमिणतो म्हणून. त्यांनी देवाला नारळही कबूल केला होता. बटणात जो बारीक लाल दिवा असतो त्याच्यातून थोडी वीज गळते, एलईडीला तेवढी पुरते. बटण बदललं, मिणमिणणं थांबलं. नारळ त्यांनी तरीही फोडला, प्रसाद आम्हालाही आला.

मुलीच्या अभ्यासाचा दिवा ४००० केल्व्हिनचा आहे आणि त्यावर लिहावं असं फार काही नाही. एकच तपासलं होतं. मोबाइलचा कॅमेरा दिव्यासमोर धरला आणि पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या, तर दिवा सेकंदाला शंभरदा फडफडतोय असं समजायचं. डोळ्याला दिसत नाही, पण काही जणांचं डोकं दुखतं. शिलाई मशीनवर असा दिवा अजिबात नको, फिरतं चाक कधीकधी थांबल्यासारखं किंवा उलटं फिरल्यासारखं दिसतं. मुलीचे पहिले दोन बल्ब या कारणाने काकांना परत केले. त्यांनी कुरकुर न करता घेतले. आता ते स्वतःच गिऱ्हाइकाला मोबाइल काढायला सांगतात.

मिल मी तीन वर्षांपूर्वी सोडली. हिने पोटली घेणं त्याच्या आधीच बंद केलं, पण वाकणारा दिवा तिथेच आहे. आता त्याच्याखाली ती तांदूळ निवडते.

बल्ब आणायला जाल तेव्हा घरातला एखादा गडद लाल कपडा पिशवीत टाकून न्या आणि दुकानातच पेटवून त्याच्यावर धरून बघा. दुकानदार हसेल, हसू द्या. वॉरंटी एक-दोन वर्षांची असते आणि पावती आपल्याकडून हरवतेच. म्हणून निघताना बल्बच्या बुडाशी मार्करने तारीख लिहून घ्या. आमचे काका न सांगता लिहून देतात.